लखनऊचा दस्तरखान आणि प्रवाशाचे पथ्य

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, धुके पुरते विरलेले नसताना, लखनऊच्या जुन्या चौकात गोल दरवाजाच्या आसपास मोठमोठ्या परातींत फिकट केशरी फेसाचे ढीग रचून बसलेले विक्रेते दिसतात. या पदार्थाला तेथे मक्खन मलाई किंवा निमिष म्हणतात. साईसकट दूध तापवून ते थंडीच्या रात्री उघड्या आकाशाखाली दवात ठेवायचे, पहाटेच्या अंधारात घुसळायचे, वर येणारा फेस हलक्या हाताने काढून घ्यायचा आणि त्यात साखर व केशर मिसळून, वर पिस्त्याचे काप पेरून, तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, एवढीच त्याची कृती. परंतु ऊन चढू लागले की हा फेस खाली बसतो, आणि म्हणून दुपारी चौकात येऊन निमिष मागणाऱ्याला रिकाम्या पराती पाहाव्या लागतात, तर मे महिन्यात येणाऱ्याला त्याचे नावच तेवढे ऐकायला मिळते. द्रोणात जे पडते त्यात पुष्कळसा भाग हवेचाच असतो, ही गोष्टही पथ्याच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

या शहराच्या बहुतेक नामांकित पदार्थांना असाच आपापला प्रहर आहे, ऋतू आहे आणि मात्रा आहे. निहारी-कुलचा सकाळचा, कबाब दिवेलागणीनंतरचे, कुल्फी उन्हाळ्याची, गुलाबी काश्मिरी चहा थंडीचा, दशहरी आंबा जून-जुलैचा, हा शिरस्ता कोणी हुकूम काढून घालून दिलेला नाही; तो हवामान, बाजार आणि पोट या तिघांच्या दीर्घ सहवासातून सिद्ध झालेला आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी युनेस्कोने लखनऊला पाककलेसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत स्थान दिले, तेव्हापासून केवळ खाण्यासाठी तेथे जाणाऱ्या मंडळींत भर पडणार हे उघड आहे. आणि अशी मंडळी दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात सगळी यादी उरकण्याच्या ईर्षेने सकाळी बिर्याणी, दुपारी कबाब, रात्री अकराला निहारी आणि तिच्यावर कुल्फी असा क्रम लावतात, तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतात आणि दोष मात्र तेथल्या तुपाला देतात. आमचे मत असे की शहराचे वेळापत्रक निष्ठेने पाळले तर प्रवाशाचे निम्मे पथ्य त्यातच पाळले जाते, आणि उरलेले निम्मे त्याने आपल्या पायांनी पाळावयाचे असते.

तुपाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण अवधच्या मुदपाकखान्याची सारी अपकीर्ती त्याच्याभोवती आहे. नवाब आसफ-उद्-दौला याने १७७५ साली आपली राजधानी फैजाबादहून लखनऊस आणली, आणि त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत, म्हणजे १८५६ साली वाजिद अली शाहाचे राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत, या दरबाराने आपल्या महसुलाचा आणि बुद्धीचा मोठा वाटा स्वयंपाकघरावर खर्च केला. या काळाचा उर्दू इतिहासकार अब्दुल हलीम शरर याने गाझीउद्दीन हैदर या राजाच्या पराठ्यांची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. राजाचा खानसामा रोज सहा पराठे करी व त्यासाठी कोठीतून तीस शेर तूप उचली, म्हणजे दर पराठ्यास पाच शेर. वजीर आगा मीर याने हिशेब पाहून त्याला बोलावले आणि आपल्यासमोर एक पराठा करावयास लावला. पराठा झाल्यावर कढईत पुष्कळ तूप उरले, ते खानसाम्याने सरळ फेकून दिले आणि एकदा तापलेले हे तूप आता कामाचे नाही असे निर्विकारपणे सांगितले. वजिराने दर पराठ्यास एकच शेर तूप देण्याची ताकीद दिली, पराठ्यांचा दर्जा उतरला, राजाने कारण विचारले, आणि कारण कळल्यावर शिक्षा झाली ती वजिराला. शररने ही गोष्ट दरबारी उधळपट्टीचा नमुना म्हणून दिली आहे. आम्हांस मात्र तिच्यात आरोग्याचा एक अस्सल धडा दिसतो. त्या पाच शेरांपैकी राजाच्या पोटात गेले ते अगदी थोडे, आणि जे गेले ते ताजे होते. आजच्या रस्त्यावरच्या कढईत याच्या नेमके उलट घडते: तेल थोडे असते, पण तेच तेल पुनःपुन्हा तापते, त्याचे घटक मोडून त्यात ध्रुवीय संयुगे साचत जातात, आणि म्हणूनच भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणाच्या तेलात अशा संयुगांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांपुढे जाऊ नये असा नियम २०१८ पासून लागू केला. प्रवाशापाशी ते मोजण्याचे साधन नसते, पण डोळे आणि नाक असते. काळपट, दाट झालेले, फेसाळणारे, थोड्याच आचेवर धुरावणारे तेल दिसले की त्या कढईतली खस्ता कचोरी कितीही प्रसिद्ध असली तरी पुढे चालू लागावे, आणि सकाळी पहिला घाणा निघतो त्या वेळी ताज्या तेलातली कचोरी खावी.

दरबाराच्या याच परिसरात, एका भिंतीच्या अंतरावर म्हणावे इतक्या जवळ, युनानी वैद्यकही नांदत होते. झवाई टोला या मोहल्ल्यातील हकिमांचे अझीझी घराणे सर्व हिंदुस्थानात विख्यात होते, आणि त्यातील हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ साली तेथे तकमील-उत्-तिब हे विद्यालय स्थापन केले. युनानी वैद्यक आरोग्याची सहा अनिवार्य कारणे मानते: हवा, अन्नपान, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, निद्रा व जागरण, आणि देहातील टाकाऊ द्रव्यांचे यथाकाल उत्सर्जन. या सहांत अन्न एकच आहे आणि बाकीची पाच त्याला धरून आहेत, हे प्रवासी विसरतो. रात्रीच्या गाडीचे जागरण, उन्हात झालेली फरफट, कोंडून ठेवलेली लघवी, कमी प्यालेले पाणी, यांचा सारा दोष तो बिचाऱ्या कोरम्यावर लादतो. आपल्याकडील वैद्यकही याहून वेगळे सांगत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय केवळ आहाराच्या मात्रेपासून आरंभ करतो, आणि विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक दोषांच्या संचारासाठी मोकळा राखावयास सांगितले आहे.

मात्रेचा हा विचार लखनवी पाककलेत किती मुरलेला आहे हे पाहावयाचे असेल तर गलावटी कबाब पाहावा. अकबरी दरवाजाच्या गल्लीत १९०५ साली हाजी मुराद अली यांनी दुकान घातले. त्यांना एकच हात होता, म्हणून लोक त्या दुकानाला टुंडे कबाबी म्हणू लागले. गलावटी कबाबाचा खिमा अत्यंत बारीक वाटलेला असतो आणि त्यात कच्च्या पपईचा गर घातलेला असतो. कच्च्या पपईत पपेन नावाचे द्रव्य असते, ते मांसातील प्रथिनांचे लांब धागे तोडते, आणि त्यामुळे दातांचे बरेचसे काम खाणाऱ्याच्या तोंडी पदार्थ जाण्यापूर्वीच उरकलेले असते. यात जशी मौज आहे तसा धोकाही आहे. चावावयाचे नसल्यामुळे कबाब झटकन संपतात, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागत असल्यामुळे ती येते तेव्हा दुसरी बशीही रिकामी झालेली असते. म्हणून कबाब मागवताना एकच बशी मागवावी, त्याबरोबर कांदा व लिंबू भरपूर घ्यावे, पराठा दोघांत एक घ्यावा, आणि दुसऱ्या बशीचा विचार पाव तासाने करावा. बहुधा तो करावासा वाटत नाही. चौकातल्या जुन्या दुकानात कबाब म्हशीच्या मांसाचे असतात आणि अमीनाबादच्या शाखेत बोकडाचेही मिळतात, हे ज्यांना चालते-न चालते त्यांनी आधी विचारून घ्यावे. तेथे असे विचारण्यात कोणालाच वावगे वाटत नाही.

निहारीची गोष्ट याहून विस्ताराने सांगण्यासारखी आहे. जनावराच्या पायाचे, पोटरीचे, स्नायू आणि संयोजी ऊतींनी भरलेले चिवट मांस मसाल्यांच्या पोटलीसह रात्रभर मंद आचेवर ठेवले म्हणजे त्यातील कोलॅजेनचे जिलेटिन होते, रस्सा बोटांना चिकटण्याइतका दाट होतो आणि मांस हाडावरून आपोआप सुटते. ही पाकक्रिया सूर्योदयाच्या सुमारास पूर्ण होते, आणि पूर्वी जे लोक ती खात त्यांना त्यानंतर दिवसभर अंगमेहनत करावयाची असे. यातच तिच्या वेळेचे मर्म आहे. निहारी खाऊन जो चौकातून बाहेर पडतो व दुपारपर्यंत चालतो, त्याला ती प्रथिनांनी भरलेले भक्कम भोजन म्हणून लाभते आणि दुपारच्या जेवणाची वासनाच उरत नाही. जो तीच निहारी रात्री खाऊन झोपतो, त्याच्या छातीत जळजळ होते, झोप मोडते आणि उद्याचा दिवसही बिघडतो. वाडग्यावर जो लालसर तवंग तरंगतो त्याला तेथे रोगन म्हणतात, आणि रोगन कमी घालावयास सांगितले तर वाढणारा तसे वाढतो. चरबीच्या प्रत्येक ग्रॅमातून नऊ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे तवंगाचा एक मोठा चमचा, पंधरा ग्रॅमांचा धरला तर, सव्वाशेच्या वर जातो; मध्यम बांध्याचा मनुष्य एक किलोमीटर चालतो तेव्हा पन्नास-साठ किलोकॅलरी खर्च होतात. दोन चमचे तवंग आणि पाच किलोमीटरांची पायपीट यांचा ताळेबंद असा बरोबरीचा आहे. कुलचे मात्र गरम असतानाच खावयाचे असतात, तेव्हा एकदम चार मागवण्याऐवजी एक संपल्यावर दुसरा मागवण्याची सवय स्वाद आणि पथ्य दोन्ही सांभाळते.

या हिशेबावरून चालणे निरर्थक आहे असे मात्र कोणी समजू नये. चालण्याने खाल्लेले सगळे वजा होत नाही, हे खरे. परंतु जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी स्नायू रक्तातील साखर उचलू लागतात आणि जेवणानंतर होणारी तिची चढ कमी राहते, हे आता चांगले सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावयास सांगते. लखनऊमध्ये तो भाग दोन दिवसांत सहज पुरा होतो, कारण पाहण्यासारखे आणि खाण्यासारखे बहुतेक सारे हुसैनाबाद आणि चौक या परस्परांना लागून असलेल्या भागांत आहे. सकाळी निहारी झाली की चौकातून पायी बडा इमामबाड्याकडे जावे. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून आसफ-उद्-दौलाने ही इमारत उभारावयास घेतली, आणि तेथल्या मजुरांसाठी मोठ्या कढयांत, झाकणे कणकेने बंद करून, जे अन्न शिजत असे त्यातूनच दम देण्याची पद्धत लखनऊत रूढ झाली अशी आख्यायिका आहे. या इमारतीतल्याच भूलभुलय्याचे उंच, अरुंद जिने चढून गच्चीवर जाणे हा गुडघे धड असणाऱ्यांना उत्तम व्यायाम आहे. तेथून रूमी दरवाजाखालून निघून, २२१ फूट उंचीच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून छोट्या इमामबाड्यापर्यंत जावे व परत चौकात यावे. जिने आणि आवारातले फिरणे धरून हा सारा फेरा चार-पाच किलोमीटरांच्या घरात जातो आणि त्यात कंटाळा यावा असा एकही टप्पा नाही. इमामबाड्याच्या आत पादत्राणे काढावी लागतात. ज्यांना मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी जाड मोजे बरोबर ठेवावेत, कारण उन्हाने तापलेला दगड त्यांना वेळीच जाणवत नाही.

मराठी प्रवाशाने आणखी एका वाटेने पायी जावे. कैसरबागेतील परीखाना, जेथे वाजिद अली शाहाच्या काळी नृत्यगायनाचे शिक्षण चाले, तेथेच पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली स्थापन केलेले संगीत विद्यालय नांदते, जे आज त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. कैसरबागेहून हजरतगंज फार दूर नाही, आणि संध्याकाळी या दोहोंमधले अंतर वाहनाने तोडणे हा पायांवर आणि शहरावर दोघांवरही अन्याय आहे. हजरतगंजात जी बास्केट चाट मिळते, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या किसाची टोपली आणि तिच्यात टिक्की, वाटाणे, दही, चटण्या, ती एकट्याने संपवण्याचा पदार्थ नव्हे. चौघांत एक घेतली तर सर्वांना ती आवडते.

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने जाणाऱ्याची परीक्षा लखनऊच्या आधीच सुरू होते. जवळजवळ एक अहोरात्र बैठक, खिडकीतून येणारे वडे, भजी आणि गोड चहा, आणि कंटाळ्याची भूक. एवढ्याने आतडी मंदावतात आणि माणूस मुक्कामाला आधीच जड होऊन पोहोचतो. भुसावळ, भोपाळ, झाशी येथे गाडी थांबली की फलाटावर फेऱ्या घालाव्यात, घरून भाकरी, मुगाची उसळ, काकडी, भाजलेले शेंगदाणे असा सरंजाम न्यावा, आणि पाणी कमी पिण्याचा मोह टाळावा. मुक्कामी स्नायूंना काम देण्यासाठी फार सामग्री लागत नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याचा हिरिरीने प्रसार केला, तो सूर्यनमस्कार दोन पलंगांमधल्या जागेत घालता येतो, आणि प्रवासात चालण्याने जो खांद्यांना, पाठीला व हातांना मिळत नाही तो व्यायाम त्याने मिळतो. लखनऊलाही व्यायामाची परंपरा परकी नाही: शररने पाककलेइतक्याच आस्थेने तेथल्या कुस्तीची, लाठीची आणि पट्ट्याची वर्णने केली आहेत.

शाकाहारी प्रवाशाने येथे आपली उपेक्षा होईल अशी भीती बाळगू नये. हिवाळ्यात हिरव्या मटारांचा निमोना आणि मसालेदार तहरी, सकाळी पुरी-भाजी, चौकात ठंडाई, ही सूची मोठी आहे. उलट त्याच्यापुढील अडचण अशी की तिच्यात मैदा, बटाटा, तळण आणि साखर यांचेच राज्य असते. त्यावर उपाय म्हणून दिवसातील एक जेवण साधे ठेवावे, म्हणजे डाळ, पोळी, हिरवी भाजी आणि दही. आणि ते दुपारी ठेवावे, कारण खाद्ययात्रेची खरी रंगत सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळांतच असते. गोडाविषयी एवढेच सांगतो की मलाई गिलौरी एक खावी, तीही चांगल्या दुकानातली, आणि रेवडी घरच्यांसाठी बांधून घ्यावी.

पाण्याची बाब क्षुल्लक वाटते, पण पोट बिघडते ते बहुधा तिथेच. वाफाळती निहारी किंवा तव्यावरचा कबाब यांपासून जंतूंचे भय थोडे असते. भय असते ते बताश्यांच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीच्या, पाण्यात, बर्फात, सकाळपासून उघड्यावर कापून ठेवलेल्या फळांत आणि पाणी घालून सैल केलेल्या चटणीत. पाच चवींच्या पाण्याचे बताशे हे लखनऊचे वैभव आहे, तेव्हा ते खाऊच नका असे सांगण्यात अर्थ नाही. जेथे बाटलीबंद वा गाळलेले पाणी वापरतात आणि वाढणारा हातमोजे घालतो तेथे खावेत. तरीही जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट घ्यावे, आणि रक्त पडले, ताप चढला किंवा लघवी थांबली तर विलंब न लावता डॉक्टर गाठावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी निहारी आणि कोरम्यातील मीठ विसरू नये, संधिवाताचा युरिक अॅसिडजन्य प्रकार असणाऱ्यांनी हाडांच्या रश्शापासून दूर राहावे, आणि मधुमेहींनी औषधाच्या वेळा दुकानांच्या रांगांवर सोडू नयेत.

उरला आंबा. मे-जूनमध्ये लखनऊचा पारा चाळिशी ओलांडतो, लू वाहते, आणि शहाणे लोक त्या दिवसांत प्रवास टाळतात. तरी ज्याला आंब्यासाठीच जावयाचे आहे त्याने जूनच्या उत्तरार्धात मलिहाबादला जावे. काकोरीजवळच्या दशहरी नावाच्या गावातील एका मूळ झाडावरून या जातीचा प्रसार झाला असे मानतात. सकाळी आठच्या आत बागेत पोहोचावे, झाडांच्या सावलीतून तास-दीड तास हिंडावे, आणि बागेतच उतरवलेला, अढीत पिकलेला आंबा घ्यावा, म्हणजे कार्बाइडने पिकवलेल्या मालाची शंका राहत नाही. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साठच्या आसपास किलोकॅलरी असतात. तेव्हा तासभर पाण्यात ठेवलेले दोन मध्यम दशहरी आणि वाटीभर दही किंवा मूठभर भाजलेले चणे एवढी न्याहारी पुरेशी होते, आणि त्या दिवशी दुपारी कोणी बिर्याणीचे आमंत्रण दिले तर ते संध्याकाळवर ढकलावे.